अन्न व आरोग्याचे सामुदायिक कार्य : उभारणी आणि कारभार

आरोग्य म्हणजे दवाखाना आणि औषधाची बाटली, अशी अनेकांची समजूत असते. पण जेथे पोटात अन्न नाही व प्यायला शुद्ध पाणी नाही, तेथे औषध किती पुरणार? डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे (तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा) आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. १९७२ च्या दुष्काळात लोकांची पहिली गरज अन्नपाण्याची होती. म्हणून गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे व कूपनलिका झाल्या. शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, पुढे महिला मंडळे आली.

यातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. हातपंप दलित वस्तीत बसविले गेले. त्यामुळे इतरांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. पंप कोठे बसवायचा, हाही कारभाराचाच निर्णय असतो. दुसरे असे की, आरोग्यसेविका गावानेच निवडल्या. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित होत्या. तरीही मुलांची वजने, गरोदर मातांची देखभाल आणि आहाराचे शिक्षण त्यांनी समर्थपणे सांभाळले.

असे कार्य उभारताना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात व्यक्ती, घटना व नियमावली लागते. नोंदणी सोपी, कारभार अवघड.

आमच्या वस्तीत एकदा धान्य फंड निघाला होता. चोरी कोणी केली नाही. पण वही एकाच्याच घरी व कोठीची किल्लीही त्याच्याचकडे. त्याची बदली झाली आणि फंड बंद पडला. त्या पावसाळ्यात ज्या घरांना धान्याची गरज होती, त्यांनी कोणाकडे जावे? आम्ही बँकेत दिवसभर इतरांचे हिशोब तपासतो. पण सभासद असूनही ती वही मागण्याचा आम्हाला संकोच वाटला. दोष आमचाही होता.

म्हणून पुढील नियम सर्वांनी लक्षात ठेवावेत :

१. बँक खाते संस्थेच्या नावे असावे व तिघांपैकी दोघांच्या सह्यांनी चालावे.
२. दरमहा सभेत जमाखर्च मोठ्याने वाचावा.
३. ज्यांच्या घरी धान्य जाते, त्यांतील स्त्रिया कार्यकारिणीत असाव्यात.
४. पदाची मुदत ठरलेली असावी. हिशोबतपासणी दरवर्षी व्हावी.

विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेची जमाखर्चाची वही एकदा मागून वाचावी. वही मागणे हा अविश्वास नव्हे, ते सभासदाचे कर्तव्य आहे.