क्रथन अर्थात निद्रेतील श्वासावरोध : धोके, निदान व चिकित्सेचे पर्याय

प्रास्ताविक

पैनगंगेच्या काठचे देऊळघाट असो किंवा बुलडाणा जिल्ह्यातील अन्य कोणतेही गाव असो, घोरणे हा व्याधी आहे असे आपल्याकडे सहसा कोणी मानत नाही. ‘दमला-भागला माणूस, गाढ झोप लागली आहे’ असे म्हणून घरची मंडळी ते हसण्यावारी नेतात. प्रस्तुत लेखात आम्ही या समजुतीमागे दडलेल्या एका गंभीर व्याधीचा विचार करणार आहोत. आधुनिक वैद्यक त्यास ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणते. मराठीत त्यास निद्रेतील श्वासावरोध म्हणता येईल.

पुढील रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला असेल. वय पंचेचाळिशीच्या पुढे, पोट सुटलेले, मान आखूड व जाड. व्यवसायाने ट्रकचालक, किंवा दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणारा व्यापारी. त्याची तक्रार अशी असते : “डॉक्टरसाहेब, रात्रभर झोपतो, पण झोप पुरत नाही. दिवसा डोळे मिटतात. काहीतरी झोपेचे औषध द्या.” सोबत आलेली पत्नी मात्र वेगळेच सांगते : “यांचं घोरणं मधेच बंद पडतं, श्वासच थांबतो, आणि मग दचकून उठतात.” रुग्णाची तक्रार ऐकून झोपेचे औषध देणारा वैद्य येथे चुकतो. पत्नीचे म्हणणे ऐकणारा वैद्य निदानापर्यंत पोचतो. या लेखाचे सार एवढेच आहे.

व्याधीचे स्वरूप

निद्रेत सर्व शरीराचे स्नायू शिथिल होतात, तसे घशाचेही होतात. ज्यांच्या घशाभोवती मेद साचला आहे, जिव्हामूल स्थूल आहे, गलशुंडिका लांब आहे, टॉन्सिल वाढलेले आहेत किंवा खालचा जबडा लहान आहे, त्यांचा श्वासमार्ग या शिथिलतेमुळे मिटतो. छाती व पोट श्वासासाठी धडपडत असतात, परंतु वायू आत जात नाही. असा अवरोध किमान दहा सेकंद टिकला तर त्यास एक ‘ॲप्निया’ म्हणतात. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठरतात, आणि मोठ्या आवाजासह श्वास सुरू होतो. रुग्णास सकाळी यातील काहीही आठवत नाही.

श्वास पूर्ण अडणे व अर्धवट अडणे मिळून दर तासाला किती वेळा घडते, यावरून व्याधीची तीव्रता ठरते. प्रौढांत पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तिसाहून अधिक म्हणजे तीव्र. तीव्र व्याधीचा रुग्ण सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा श्वासासाठी झगडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘झोप पुरत नाही’ या तक्रारीचा अर्थ कळतो.

हा व्याधी आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांत निद्रेतील श्वसनविकृती आढळली, तर ७.५ टक्के पुरुषांत तिच्यासह दिवसाची झोपाळूपणाची लक्षणेही होती. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हाच व्याधी कारण म्हणून सांगितला. त्या दिवसांत हे नाव प्रथमच घरोघरी पोचले.

शास्त्रविचार

हे नाव नवे असले तरी हे चित्र आपल्या संहितांना अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या, म्हणजे दोषधातुमलक्षयवृद्धिविज्ञानीय अध्यायात स्थौल्याची लक्षणे सांगताना क्षुद्रश्वास, पिपासा, अतिक्षुधा, स्वप्न, स्वेद, गात्रदौर्गंध्य, गात्रसाद यांच्याच ओळीत ‘क्रथन’ हे लक्षण सांगितले आहे. क्रथन म्हणजे श्वास अकस्मात अडणे, असा त्याचा अर्थ केला जातो. काही जण घोरणे असाही अर्थ करतात. एकाच ओळीत श्वासाचा त्रास, झोपाळूपणा व श्वास अडणे यावेत, हे आम्हास महत्त्वाचे वाटते. अशा स्थूल पुरुषास पुढे प्रमेहपिडका, वातविकार आदींपैकी एखादा व्याधी होऊन मृत्यू येतो, असा इशाराही तेथेच दिलेला आहे.

चरकाचार्यांनी आहार व ब्रह्मचर्य यांच्यासह निद्रेस उपस्तंभ म्हटले आहे. अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थौल्याच्या हेतूंमध्ये अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम व दिवास्वाप यांच्यासोबत बीजस्वभावही सांगितला आहे. घोरण्याचा घरातील वारसा विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

येथे एक सावधगिरी मुद्दाम नोंदवितो. त्याच अध्यायात स्थौल्य घालविण्यासाठी व्यायाम व चिंतन यांच्याबरोबर प्रजागर, म्हणजे जागरण, क्रमाने वाढविण्यास सांगितले आहे. ज्या रुग्णाची झोप आधीच रात्रभर तुटत आहे, त्यास हा उपदेश जसाच्या तसा देऊ नये. अपुऱ्या झोपेने भूक वाढते व दिवसाची सुस्ती अधिक धोकादायक होते. त्याची दिवसाची झोप हा केवळ आळसाचा किंवा कफवृद्धीचा प्रकार नसून रात्री न मिळालेल्या विश्रांतीची ती भरपाई असते. दिवास्वाप बंद करा, असे सांगण्यापूर्वी रात्रीचा श्वास मोकळा करावयास हवा.

सर्वच रुग्ण स्थूल असतात असेही नाही. लहान जबड्याचे कृश पुरुष, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, थायरॉईडची न्यूनता असलेले रुग्ण यांतही हा व्याधी आढळतो. स्त्रिया घोरण्याऐवजी थकवा व निद्रानाश सांगतात. टॉन्सिल व ॲडेनॉईड वाढलेली लहान मुले झोपाळू न दिसता चंचल व चिडचिडी दिसतात.

धोके

प्रत्येक अवरोधाच्या शेवटी रक्तदाब उसळतो. रोज रात्री हे शेकडो वेळा घडल्यास दिवसाचा रक्तदाबही चढा राहतो. तीन औषधे घेऊनही ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्या रुग्णास झोपेविषयी विचारलेच पाहिजे. हृदयाची अनियमित गती, हृद्रोग, पक्षाघात व प्रमेह यांच्याशी या व्याधीचा संबंध आढळलेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे अठरा वर्षे चाललेल्या पाहणीत तीव्र व्याधी असलेल्यांचा मृत्युधोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. रात्री वारंवार लघवीस उठणे हेही याचे लक्षण असते. आपण मात्र प्रमेह किंवा प्रोस्टेट समजून वेगळीच चिकित्सा करीत राहतो.

दुसरा धोका रस्त्यावरचा आहे. आपल्या जिल्ह्यातून मलकापूरचा महामार्ग जातो, समृद्धी महामार्गही जातो, आणि रात्रीच्या खाजगी बसेस पुण्या-मुंबईकडे धावतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धीवर बसला आग लागून पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले, ती घटना आपण विसरलेलो नाही. त्या अपघाताच्या कारणाची चर्चा येथे अभिप्रेत नाही. परंतु रात्री वाहन चालविणाऱ्या एका माणसाच्या जागेपणावर किती प्राण अवलंबून असतात, याची ती आठवण आहे. चालक रुग्णास स्टेअरिंगवर डोळा लागतो काय, असे स्पष्ट विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास उपचार सुरू होऊन झोपाळूपणा जाईपर्यंत वाहन चालवू नये, असे त्यास व घरच्यांस सांगावे. रोजगाराच्या भीतीने तो हे लपवितो, म्हणून उपचारानंतर पुन्हा चालविता येते, हेही त्याच वेळी सांगावे.

परीक्षण

टोरांटो येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली आठ प्रश्नांची पद्धत दवाखान्यात दोन मिनिटांत वापरता येते. मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहणे, उच्च रक्तदाब, अतिस्थौल्य, वय पन्नाशीपुढे, मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरहून अधिक आणि पुरुष असणे, असे हे आठ मुद्दे आहेत. तीन किंवा अधिक मुद्दे जुळल्यास संशय घ्यावा, पाच किंवा अधिक असल्यास विलंब करू नये. शिंप्याची मापाची फीत टेबलावर ठेवावी, तिचा नाडीपरीक्षणाइतकाच उपयोग होईल. सकाळची डोकेदुखी व तोंडास कोरड यांचीही चौकशी करावी. घरच्यांनी मोबाईलवर रात्रीचे चित्रण करून आणल्यास फार मदत होते.

निश्चिती मात्र निद्रापरीक्षणानेच होते. त्यात रात्रभर श्वास, प्राणवायू व हृदयगती यांची नोंद घेतात. मोठ्या शहरांत हे रुग्णालयात होते. योग्य रुग्णात लहान यंत्र घरी बांधूनही करता येते. केवळ अनुमानाने व्याधी आहे किंवा नाही, असा निर्वाळा आपण देऊ नये.

चिकित्सेचे पर्याय

१) सीपॅप : सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे साधन मांडले. त्यापूर्वी तीव्र रुग्णाच्या श्वासनलिकेस छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. लहान यंत्र मुखवट्यातून सौम्य दाबाने हवा सोडते व घसा उघडा राहतो. मध्यम व तीव्र व्याधीत हाच प्रथम उपाय आहे. याने झोपाळूपणा जातो व रक्तदाब काहीसा उतरतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मात्र हृद्रोग व पक्षाघाताचे प्रमाण घटलेले दिसले नाही. त्यातील रुग्ण रात्री सरासरी साडेतीन तासांहूनही कमी वेळ यंत्र वापरीत होते, हे येथे लक्षात घ्यावे. यंत्र कपाटात राहिले तर गुण कसा येणार ? मुखवटा नीट बसतो काय, नाक बंद आहे काय, वीज गेल्यास काय करावे, याची चौकशी गावातला वैद्यच करू शकतो.

२) दंतोपकरण व शल्यकर्म : सौम्य-मध्यम व्याधीत खालचा जबडा पुढे धरणारे दंतोपकरण उपयोगी पडते. बालकांत टॉन्सिल-ॲडेनॉईड काढणे हा प्रमुख उपाय आहे. प्रौढांत शल्यकर्म निवडक रुग्णांसाठीच आहे.

३) भारनियमन : विस्कॉन्सिनच्याच दुसऱ्या अभ्यासात वजन दहा टक्के घटल्यास श्वासावरोधाची संख्या सुमारे २६ टक्क्यांनी घटते व तेवढेच वाढल्यास सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते, असे अनुमान निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्थूल रुग्णांतील मध्यम-तीव्र व्याधीसाठी टिर्झेपटाईड या औषधास मान्यता दिली, तीही मुख्यतः भार घटविण्याच्या गुणावर.

आयुर्वेदाचे खरे क्षेत्र हेच आहे. निदानपरिवर्जन, गुरु व अपतर्पण आहार, यव-मुद्ग-कुलत्थ, रूक्ष उद्वर्तन, त्रिफळा-गुडूची-मुस्ता आदी योजना आपण बलाबल पाहून करावी. नाक बंद असल्यास प्रतिश्यायाची चिकित्सा करावी. परंतु मिटणारा घसा आज रात्री उघडा ठेवील, असे आपले एकही औषध सिद्ध झालेले नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. भार उतरेपर्यंत यंत्र सुरू ठेवावे. त्यानंतर पुन्हा परीक्षण करूनच ते थांबवावे.

४) शयनविधी व अभ्यास : उताणे झोपल्याने अवरोध वाढतो, म्हणून कुशीवर निजावे. सदऱ्याच्या पाठीवर चेंडू शिवण्याची युक्ती साधी पण उपयोगी आहे. घसा व जिव्हेच्या व्यायामांनी मध्यम व्याधीत गुण आल्याचे ब्राझीलमधील अभ्यासात २००९ मध्ये दिसले. जयपूर येथे तीस रुग्णांवर शंखवादनाचा सहा महिने प्रयोग झाला व २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. शंख वाजविणाऱ्यांचा झोपाळूपणा व अवरोध दोन्ही घटले. अभ्यास लहान आहे. तेव्हा शंख जरूर वाजवावा, पण यंत्राच्या जागी नव्हे.

औषधी दुकानदारांसाठी

घोरणाऱ्या ग्राहकाने झोपेची गोळी मागितल्यास आपण त्याच्या प्राणाशी खेळत असू शकतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांनी घशाचे स्नायू अधिक शिथिल होतात व मेंदूचे जागे होणे लांबते. ही औषधे २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठी व स्वतंत्र नोंदवहीविना ती देणे बेकायदेशीर तर आहेच, या रुग्णात ते घातकही आहे. मद्याचा परिणामही तसाच होतो. ‘आपले ते निरुपद्रवी’ असेही मानू नये. सर्पगंधा निद्रा व रक्तदाब या दोन्हींसाठी मागितली जाते, आणि नेमका हाच रुग्ण या दोन तक्रारी घेऊन येतो. तिच्यातील रिसर्पिनने नाक चोंदते, म्हणजे अडलेला मार्ग आणखी अडतो. घोरणे बंद करणाऱ्या फवाऱ्यांवर व पट्ट्यांवरही विसंबू देऊ नये. जुने सीपॅप यंत्र विकत घेणाऱ्यास मॉडेल तपासण्यास सांगावे, कारण फिलिप्स कंपनीने २०२१ मध्ये आतील फोम झिजण्याच्या दोषामुळे आपली लक्षावधी यंत्रे परत मागविली होती.

उपसंहार

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांस या व्याधीची माहिती देण्यास रुग्णास अवश्य बजावावे. आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती आहे की रक्तदाब, प्रमेह व स्थौल्य यांच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर यापुढे तीन प्रश्न नोंदवावेत : घोरता काय ? श्वास थांबलेला कोणी पाहिला काय ? दिवसा, विशेषतः वाहन चालविताना, डोळा लागतो काय ? सुश्रुताचार्यांनी ‘क्रथन’ हा शब्द आपल्या हाती ठेवला आहे. तो ग्रंथात पाठ असून रुग्णात ओळखता आला नाही, तर तो दोष शास्त्राचा नव्हे, आपला राहील.