पुरातत्त्व शिकून पुढे काय?

“दहावीला नव्वद टक्के पडलेत आणि पोरगी म्हणते पुरातत्त्व. नोकरी कुठे मिळणार हिला?” करिअरबद्दल बोलायला ठाण्यात जा नाहीतर डोंबिवलीत, हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्तच आहे. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा टोपी घालून उन्हात माती उकरणारा माणूस असतो, आणि तिथेच हिशेब चुकतो.

डोंबिवलीहून पाचवं स्टेशन अंबरनाथ. तिथलं वालधुनीकाठचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान महाशिवरात्रीच्या रांगेतून. हे शिलाहारांच्या काळातलं मंदिर. त्याच्या शिलालेखातला शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आधी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचं दाखवलं. एका आकड्याने मंदिराचं वय दोनशे वर्षांनी कमी झालं. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर. भगवानलाल जुनागढचे, जुने लेख वाचण्याची विद्या त्यांनी स्वतःच्या चिकाटीने कमावलेली. १८८२मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरून त्यातला दगडी करंडक बाहेर काढला तोही त्यांनीच. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. (आज मात्र कोरड्या चिकाटीवर भागत नाही, पदवी लागतेच.)

पण करिअरच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाची वाटते ती १८६८ सालची मोहीम. सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या टेरी यांच्या हाताखाली एक पथक अंबरनाथला धाडलं. त्यात मोजणी करणारे होते, नकाशे काढणारे होते, कोरीव कामाचे साचे घेणारे होते. फोटोही काढले गेले. खणण्याचा प्रश्नच नव्हता, मंदिर तर उभंच होतं. वारसा जपण्याचं बरंचसं काम आजही असंच चालतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१ साली सुरू झालं. त्याच्या विज्ञान शाखेत रसायनशास्त्राची माणसं दगड आणि भित्तिचित्रं टिकवतात. शिलालेखांची शाखा म्हैसूरला आहे, अरबी-फारसी लेखांची नागपूरला. बागा सांभाळणारी उद्यान शाखासुद्धा आहे. तेव्हा बीएस्सी केमिस्ट्री, आर्किटेक्चर, सिव्हिल, संस्कृत, फारसी यांतल्या कुठूनही इकडे वळता येतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण नव्या कामाचा बराच भाग तिथून निघतो. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९चा ताम्रपट सापडला. अशा सापडलेल्या वस्तूंसाठी तेव्हा कायदा नव्हता. ताम्रपट जाणत्यांच्या हाती पडला आणि त्याचं भाषांतर छापलं गेलं, हे आपलं नशीब. पुढे १८७८मध्ये निखात निधीचा कायदा आला. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हा कायदा अजून लागू आहे. कल्याण-डोंबिवलीत जुन्या चाळी पाडून टॉवरचे पाये खणले जातायत, तिथल्या किती जणांना हे ठाऊक असेल? व्हाइसरॉय कर्झनच्या काळात १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला. त्यानंतर १९५८चा केंद्राचा आणि १९६०चा महाराष्ट्राचा कायदा. पुरावस्तूंची खरेदी-विक्री आणि नोंदणी १९७२च्या कायद्याखाली येते.

पण बिल्डर आणि सोसायट्यांना खरी ओळख झाली ती १९५८च्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीची. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. अंबरनाथचं मंदिरही अशा संरक्षित स्मारकांतलं. मग अंतर मोजणारा सर्व्हेअर हवा, ना हरकत प्रमाणपत्राचे कागद तयार करणारा आर्किटेक्ट हवा, अडलं तर वकील हवा. ठाण्यासारख्या पुनर्विकासाने गजबजलेल्या पट्ट्यात वारशाचा कायदा जाणणारा वकील, ही जागा मला तरी अजून बरीच मोकळी दिसते. शिवाय जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. त्यांचे व्यवस्थापन आराखडे, देखभाल, पर्यटकांची व्यवस्था, ही कामं वर्षानुवर्षं चालणारी आहेत.

शिक्षणाचं म्हणाल तर पहिलं नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं. डॉ. ह. धी. सांकलियांनी तिथे पुरातत्त्वाची शाळा उभी केली. तिथल्या एम.ए.ला वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर येतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व आहे आणि संग्रहालयशास्त्रही. रोज लोकलने जाऊन-येऊन करायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचे कलिन्यातले अभ्यासक्रम आणि विलेपार्ल्याच्या साठ्ये कॉलेजातला प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग बघावा. एम.ए.नंतर ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेत पदव्युत्तर पदविका करता येते, विद्यावेतनासह. जागा मोजक्या असतात.

पालकांनी ऐकून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे सरकारी भरतीचं काही खरं नसतं. यूपीएससी, एमपीएससीमार्फत पुरातत्त्वाची पदं निघतात, पण दरवर्षी निघतीलच असं नाही, आणि निघाली तरी थोडी. जाहिरातीची वाट बघत तिशी उलटली, असं होऊ देऊ नये. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नुसत्या इतिहासाच्या पदवीवर या क्षेत्रात उडी घेऊ नका. सोबत एक हातचं कौशल्य हवंच, मग ते जीआयएस असो, वस्तुजतनाचं रसायनशास्त्र असो, मोजणीची चित्रं काढणं असो, कायदा असो किंवा एखादी लिपी. नेट परीक्षा काढून प्राध्यापकीचा रस्ताही उघडा ठेवावा.

मुलाचा कल खरा आहे की ही चार दिवसांची हौस, हे तपासायला लाखभर फी भरायची गरज नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे वर्ग घेतं, सुट्टीत तिथे नाव घालावं. आणि एखाद्या रविवारी, गर्दी नसताना, वही-पेन्सिल घेऊन अंबरनाथला पाठवावं. मंडोवरावरच्या, म्हणजे मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या, एकाच मूर्तीचं, मोबाइल न काढता, मापं घेऊन चित्र काढायला सांगावं. तासाभरात कंटाळून घरी आलं तर कॉमर्सचे फॉर्म अजून सुटलेले नसतात. संध्याकाळी पहारेकऱ्याने हाकलेपर्यंत तिथेच रमलं, तर डेक्कन कॉलेजचं माहितीपत्रक मागवायला हरकत नाही.