लिनचं देणं

चि. निनाद,

'शांताराम' संपवलंस आणि लगोलग लिओपोल्ड कॅफेत जाऊन फोटोही काढलास, हे ताईकडून कळलं. नऊशेच्या वर पानांची कादंबरी हल्ली कोणी पुरी वाचतं, याचंच मला कौतुक. पण तसाच नायक घेऊन तूही लिहायला बसणार म्हणतोस, म्हणून हे पत्र.

कादंबरीचा लेखक ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स दरोड्यांपायी शिक्षा भोगत असताना १९८० साली मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून पळाला आणि पुढे मुंबईत येऊन राहिला. त्याच्या नायकाची, लिनची गोष्टही जवळपास तीच. त्यामुळे 'यातलं खरं किती?' असं तू विचारणारच. तो नाद सोड. लिन नक्की कोणाचं देणं फेडतो, ते बघ.

पिस्तूल रोखलं ऑस्ट्रेलियातल्या माणसांवर, दवाखाना मांडला कुलाब्याकडच्या झोपडपट्टीत. तिथल्या प्रसंगांत लेखकाचा जीव आहे. आगीत भाजलेल्यांवर उपचार करण्यात गेलेली रात्र, औषधांसाठी कुष्ठरोग्यांशी केलेला व्यवहार, वाटाड्या प्रभाकरच्या गावी मिळालेलं नाव. शिवाय गडी मराठी शिकला, आर्थर रोड तुरुंगातला मार त्याने सोसला; हे मी कमी लेखत नाही. पण हाच माणूस खादरभाईच्या टोळीत बनावट पासपोर्टांचा धंदाही करतो, आणि मन खाऊ लागलं की एखादा सुविचार लिहून मोकळा होतो. (ते सुविचार तू वहीत उतरवून घेतलेस म्हणे. तुझ्या कादंबरीत एकही नको.)

प्रभाकरची पानं पुन्हा वाच. तोच लिनला शहर दाखवतो, गावी नेतो, हसवतो, आणि टॅक्सीच्या अपघातात तोच मरतो. नायकाचं दुःख मोठं व्हावं म्हणून त्याला खर्ची घातलाय, असं मला वाटतं. तुझ्या कादंबरीत असा कोणी आला तर त्याला स्वतःचा एखादा हट्ट दे, नायकाला मुळीच न पटणारा.

रॉबर्ट्स १९९० मध्ये फ्रँकफर्टला पकडला गेला, ऑस्ट्रेलियात परत गेला, उरलेली शिक्षा त्याने भोगली. पुस्तक २००३ मध्ये आलं. ही परतीची वाट कादंबरीत नाही. तुझा फरारी परतो न परतो, त्याने ज्याला लुटलं त्याच्यावर एक प्रकरण हवंच. समज, खिडकीमागचा एखादा कारकून. त्या दिवसानंतर तो कामावर गेला का, घरी काय बोलला, दार वाजलं की काय करतो. तेवढं आधी लिहून मला पाठव, मुंबईचं नंतर बघू.

तुझा,
मामा