विद्यार्थी-शेतकऱ्यांची पंगत व त्यांचा सत्कार

पीक हाती आले म्हणजे चार माणसांस बोलावून त्यांच्या पानात वाढावे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. हुरड्याच्या दिवसांत आल्यागेल्यास कणसे भाजून देणे, लातूर-धाराशिवाकडे वेळ अमावास्येस साऱ्या घराने शेतात जाऊन जेवणे, ही त्याच चालीची उदाहरणे होत. अलीकडे ह्या चालीस आणखी एक फाटा फुटला आहे. शाळेतील मुलामुलींची शेतकी मंडळे निघतात, मुले घरच्या शेतात अगर शाळेच्या परसबागेत थोडेसे पीक स्वतः करितात, आणि हंगामाअखेर गाव एकत्र बसून जेवते व त्या मुलांचा गौरव करिते.

कनेरगाव नाक्याच्या आसपासच्या खेड्यांतून अशा पंगतींची बोलावणी गेल्या तीन-चार वर्षांत आम्हांस आली. महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झालेल्या माणसास सवड पुष्कळ असते; म्हणून आम्ही एकही बोलावणे चुकविले नाही. जे पाहिले त्यावरून आमचे एक मत बनले आहे. मुलांचा सत्कार कोणत्या कामाबद्दल होतो, ह्यावर त्या मंडळाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. ते मत कारणांसह वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या प्रथेचे मूळ

मुलांच्या हाती थोडी जमीन देऊन त्यांच्याकडून प्रत्यक्ष शेती करविण्याची कल्पना आपणांस अगदी परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांतील मुलांनी शेतात व बांधकामावर श्रम करून आपले शिक्षण चालविले, हे सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हा खेडोपाडी युवक मंडळे काढण्याच्या कार्यासही चालना मिळाली. आज कृषी महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात येऊन राहतात. गावकरी त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले; मराठवाड्यात अशा शिक्षणाची सोय घराजवळ आहे.

परदेशांतही ही चळवळ लहान प्रमाणातच सुरू झाली. अमेरिकेत ओहायो प्रांतातील ग्रॅहॅम नावाच्या एका शिक्षकाने १९०२ साली मुलामुलींचे शेतकी मंडळ काढले. पुढे तेथे मुलांची 'मका मंडळे' निघाली. अशा मंडळातील जेरी मूर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने १९१० साली दक्षिण कॅरोलिनात एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका काढून मोठमोठ्या शेतकऱ्यांस चकित केले. इंग्लंडात डेव्हन परगण्यातील हेमिऑक येथे १९२१ साली तरुण शेतकऱ्यांचे पहिले मंडळ निघाले. तेथे मुलांनी वासरे वाढविली. १९२८ साली अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे 'भावी शेतकरी' संघ स्थापन झाला. त्याच्या शाखा दरवर्षी आईबापांस जेवणास बोलावून मुलांच्या कामाचा गौरव करितात. मुलींस मात्र त्या संघाचे दार सर्वत्र उघडण्यास १९६९ साल उजाडावे लागले.

ह्या इतिहासात आपल्या उपयोगाची गोष्ट ही की, मका मंडळांत केवळ उत्पन्नावर बक्षीस देत नसत. नफा किती राहिला, कणसांचा नमुना कसा आहे व मुलाने आपल्या कामाची हकीकत कशी लिहिली आहे, ह्यांसही गुण असत. भरमसाट खत घालून मोठी रास उभी करणारा मुलगा हिशेबात मागे पडू शके.

आमच्या पाहण्यातील दोन पंगती

पहिल्या पंगतीस मांडव मोठा होता. पाहुण्यांस शाल व नारळ दिले. भाषणे दोन तास चालली. मुलांची नावे वाचली ती 'अमक्याचा मुलगा', 'तमक्याची नात' अशी, आणि प्रत्येकास सारखेच प्रशस्तिपत्र मिळाले. कोणी काय पेरले, किती पिकले, हे शेवटपर्यंत कळले नाही. मुलांनी वाढप केले व ती सर्वांच्या मागून जेवली. पुढील वर्षी त्या गावी आम्ही चौकशी केली, तेव्हा मंडळ बंद पडले होते.

दुसरी पंगत लहान गावात, शाळेच्या ओसरीवर झाली. सोयाबीनची मळणी उरकली होती आणि हरभऱ्याची पेरणीही झाली होती. रोडगे, वरण व वांग्याची भाजी एवढाच बेत. जेवणापूर्वी प्रत्येक मुलाने उभे राहून आपली वही वाचावयाची, असा तेथील नियम होता.

नववीतील एका मुलीने घरच्या सोयाबीनच्या तीन पोत्यांची उगवण पाहिली होती. तिने वाचले: पहिल्या पोत्यातील शंभर दाण्यांपैकी ८४ उगवले, दुसऱ्यातील ७१, तिसऱ्यातील ४६. तिसरे पोते थप्पीच्या तळाशी दबले होते व त्यास ओल लागली होती. हे तिने पेरणीपूर्वी वडिलांस सांगितले. वडिलांनी ते हसण्यावारी नेले आणि तेच पोते दूरच्या दोन एकर वावरात पेरले. उगवण विरळ झाली आणि दुबार पेरणी करावी लागली. दोन एकरांचे नवे बियाणे, पेरणीची मजुरी आणि हंगामाचे १३ दिवस एवढे नुकसान झाल्याचे तिने तारखेसह वाचले. वाचताना तिचा आवाज खाली गेला, पण तिने एकही ओळ गाळली नाही.

ओसरीवर कोणी बोलेना. वडील पंगतीतच बसले होते. ते उठून म्हणाले, "पोरीनं पेरायच्या आधी सांगितलं होतं. म्याच ऐकलं नाही. पुढल्या साली बियाणं तिच्या हिशेबानं पेरू." मग ते खाली बसले आणि पाने वाढण्यास सुरुवात झाली. त्या दिवशीचे पहिले बक्षीस ह्या मुलीस मिळाले. तिच्या घरी त्या वर्षी नुकसान झाले होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

नोंदीविषयी आमचा अनुभव

नोंदीचा एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून आमचीच एक चूक येथे सांगतो. नोकरीच्या काळात एकदा अतिवृष्टीचे पंचनामे करण्याच्या कामावर आमची नेमणूक होती. सायंकाळ झाली, ओढ्यास पाणी होते. म्हणून शेवटच्या चार शेतांच्या नोंदी आम्ही बांधावर न जाता, विचारपूस करून लिहिल्या. त्यांपैकी एका शेतातील पीक वाहून गेले होते. आमच्या कागदात ते उभे राहिले. त्या शेतकऱ्यास मदत मिळाली नाही. तो दोन वेळा कचेरीत आला आणि आम्ही त्यास कागद दाखविला. त्याच्यापाशी दाखविण्यास काहीच नव्हते. आज तो हयात नाही. एका तारखेची ओळ जरी त्याच्या घरी लिहिलेली असती, तर आम्हांस आमची चूक मान्य करणे भाग पडले असते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवर पिकाची नोंद करण्याची 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. घरातील वडील माणसांस ती अवघड वाटते, मुलांस वाटत नाही. मुलाने बापाबरोबर प्रत्यक्ष शेतात उभे राहून ही नोंद करावी. मंडळाच्या कामात ह्यास अवश्य स्थान द्यावे.

वहीत काय असावे

वही साधी असावी. चार रकाने पुरतात: तारीख, काम, खर्च आणि निरीक्षण. पुढील गोष्टी त्यात याव्यात.

१. जमीन : आरंभास एक गुंठा पुरे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एका गुंठ्यात २२ किलो सोयाबीन झाले, तर त्याच मानाने एकरी ८ क्विंटल ८० किलो होते. हे गणित मुलाने स्वतः मांडावे.

२. उगवण : ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडावेत, दुसरे ओले गोणपाट वर घालून हलकी गुंडाळी करावी व ती ओलसर ठेवावी. पाच ते सात दिवसांनी निरोगी मोड आलेले दाणे मोजावेत. एकाच पोत्यातील निरनिराळ्या जागचे दाणे घेऊन ही परीक्षा तीन-चार वेळा करावी. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण लागते. एकरी ३० किलो हे प्रमाण त्यावरच बसविलेले आहे. उगवण ६० भरली तर त्या हिशेबाने ३५ किलो लागतील. त्याहूनही फार खाली गेली तर ते बियाणे पेरू नये. सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक असते, म्हणून पोती आपटू नयेत व थप्पी उंच रचू नये.

३. पाऊस : सरळ कडांचे पसरट भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने मिलिमीटर मोजावेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली ओलावल्यावाचून खरिपाची पेरणी करू नये, हे मुलास आकड्यांवरून समजते.

४. खर्च : घरचे बैल, घरचे खत व स्वतःची मेहनत ह्यांची किंमतही लिहावी. ती वगळली म्हणजे खोटा नफा दिसतो, आणि ह्याच खोट्या हिशेबावर आपल्यापैकी पुष्कळांची शेती चालली आहे.

५. चूक : जे बिघडले ते खोडू नये. खाडाखोड केलेल्या वहीस गुण कमी द्यावेत.

सत्कार कसा करावा

गुणांची वाटणी आम्ही पुढीलप्रमाणे सुचवितो. एकूण शंभरांपैकी नोंदीस ४०, हिशेबास २५, उत्पन्नास २० आणि उभे राहून समजावून सांगण्यास १५. ह्यामुळे हलक्या जमिनीच्या मुलास भारी जमिनीच्या मुलाबरोबर बसता येते. परीक्षक गावाबाहेरचे असावेत. हिंगोली जिल्ह्यातील मंडळांनी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रास विनंती करून पाहावी.

पंगतीत मुलांस प्रथम बसवावे आणि वाढप बापांनी करावे. भाषण एकच, तेही थोडे. बक्षीस म्हणून शाल देण्यापेक्षा वजनकाटा, मोजपट्टी, खुरपे, विळा अगर खात्रीचे बियाणे द्यावे. ज्यांच्या घरी जमीन नाही अशा मजुरांच्या मुलांस मंडळाने किंवा एखाद्या जमीनदार सभासदाने हंगामापुरता एक गुंठा द्यावा. त्यांचे पानही त्याच रांगेत असावे. मंडळाचे वर्ष १ जुलैस सुरू करणे सोयीचे होईल. तो वसंतराव नाईक ह्यांचा जन्मदिवस असून राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे गाव गहुली पुसद तालुक्यात, म्हणजे आपल्या शेजारीच आहे.

वाचकांस विनंती

मुले शेतीत राहत नाहीत, अशी तक्रार आम्ही प्रत्येक पारावर ऐकतो. परंतु आपल्यापैकी किती जणांनी वीस वर्षांच्या मुलासही एका वाफ्याचा निर्णय स्वतः घेऊ दिला आहे? औत हाकावयास मुलगा चालतो, पोती उचलावयास चालतो; बियाणे निवडण्याची वेळ आली की त्यास गप्प बसवितात. शहरातील नोकरीत निदान महिन्याचा हिशेब त्याच्या हाती पडतो. घरच्या शेतीत त्यास तेवढेही मिळत नसेल, तर तो का राहील?

म्हणून आमची विनंती अशी की, ह्या वर्षीच्या पंगतीस प्रत्येक पालकाने मुलाच्या अगर मुलीच्या वहीचे शेवटचे पान सर्वांसमक्ष वाचून घ्यावे, आणि पुढील हंगामासाठी किती गुंठे त्यांच्या हवाली करणार हे तेथेच आपल्या तोंडाने सांगावे. मंडळाच्या चिटणिसाने ते लिहून घ्यावे. पुढील पंगतीस पहिल्याने तोच कागद वाचला जावा.