वामनवृक्ष : कुंडींतला पिंपळ

पुण्याच्या शुक्रवार पेठेंतील महात्मा फुले मंडई आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. १८८६ सालीं 'रे मार्केट' या नांवानें उघडलेल्या या दगडी इमारतीच्या आसपास जुने वाडे पुष्कळ होते. कांहीं अद्यापि उभे आहेत. अशा जुन्या भिंतींच्या सांध्यांतून पिंपळाचें रोप डोकावतांना आपण पाहतों. पक्ष्यानें फळ खाल्लें, बी सांध्यांत पडलें, आणि मूठभर धुळीवर तें रुजलें. मोकळ्या जागीं साठ-सत्तर फूट वाढणारा हा वृक्ष तेथें कित्येक वर्षें हातभरच राहतो; कारण मुळांस जितकी जागा, तितकाच फांद्यांचा विस्तार. जपानी लोकांचें 'बोन्साय', म्हणजे उथळ पात्रांतील लागवड, याच नियमावर उभें आहे. आपण त्यास वामनवृक्ष म्हणतों.

भिंतीस तडे जातात म्हणून असें रोप उपटून टाकण्यांतच येतें. घरधन्यास विचारून, पावसाळ्याच्या आरंभीं तें आपण अलगद काढून घ्यावें. लांब सोटमूळ छाटावें, बारीक मुळें राखावींत. पोयट्याची माती, विटांची भरड व कुजलेलें शेणखत यांचें मिश्रण करून, तळाशीं भोंकें असलेल्या साध्या कुंडींत तें लावावें. दोन-तीन वर्षांनीं खोड भरलें कीं उथळ पात्रांत हलवावें. पुढें दर दोन वर्षांनीं मुळें छाटून माती बदलावी. झाडास उपाशी ठेवणें ही ही कला नव्हे. मुळें व फांद्या यांचा तोल राखणें ही कला होय.

पुष्कळ मंडळी कौतुकानें हें झाड दिवाणखान्यांत ठेवतात व तेथेंच तें खंगतें. त्याची जागा गच्चीवर, ऊन-वाऱ्यांत. हिंवाळा सरतां सरतां त्याचीं पानें पिवळीं होऊन गळतात. तेव्हां तें मेलें असें समजून कोणी फेकून देतात, तर कोणी पाण्याचा मारा करून मुळें कुजवितात. नखानें साल किंचित् खरवडून पाहावी. आंत हिरवें दिसलें कीं झाड जिवंत आहे. पानें नसतांना त्यास पाणी थोडें लागतें, खत मुळींच नको. लवकरच तांबूस पालवी फुटते. कोंवळ्या फांदीवर दोन-तीन पानें राखून शेंडा खुडावा, म्हणजे नव्या फांद्या फुटतात.

खरी परीक्षा चैत्र-वैशाखांत. मंडईंतील भाजीवाल्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडतात व जुड्या टवटवीत दिसतात. परंतु कुंडींतील झाडाची तहान मुळांशींच भागते. सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें व दुपारीं थोडी सावली करावी. उथळ पात्रांतील माती एका दिवसांत कोरडी पडते, आणि एका दिवसाचा विसर अनेक वर्षांचे श्रम बुडवूं शकतो. म्हणून मुलांनो, उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं जाण्यापूर्वीं आपलें झाड शेजाऱ्याच्या हवालीं करा. आणि पालकहो, फाल्गुनांतली उघडी काटकी केरांत टाकण्यापूर्वीं तिची साल एकवार तपासून पाहा.