तरणतलावाच्या गाळणीतील वाळू

लखनौच्या बाजारात बांधकामाची वाळू मुख्यतः दोन नावांनी ओळखली जाते. पांढुरकी, बारीक ती ‘बालू’; आणि बुंदेलखंडातील केन, बेटवा या नद्यांतून येणारी तांबूस, जाड ती ‘मौरंग’. लखनौ छावणीतील एखाद्या तरणतलावाची गाळणी भरावयाची झाल्यास हाताशी असलेल्या या वाळूचाच विचार प्रथम मनात येतो. परंतु या दोहोंपैकी एकही त्या कामाची नाही.

गोमती हिमालयातून येत नाही. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळ उगम पावून ती मैदानाचाच गाळ वाहून आणते. तिची वाळू बारीक असून तीत अभ्रकाचे चपटे कण चकाकतात. अशी वाळू गाळणीत लवकर तुंबते, आणि उलट्या प्रवाहाने धुताना वाहून जाते. मौरंगेत लहान खड्यापासून धुळीपर्यंत सर्व आकार एकत्र असतात. तिचा दोष जाडीचा नसून या सरमिसळीचा आहे.

अमेरिकन अभियंता अ‍ॅलन हेझन याने 1892 मध्ये वाळू मोजण्याची जी रीत घालून दिली, ती आजही चालते. वाळू चाळण्यांच्या उतरंडीतून चाळावी. वजनाने दहा टक्के वाळू ज्या मापाहून बारीक असते, तो तिचा ‘प्रभावी आकार’. साठ टक्क्यांचे माप काढून त्यास या आकाराने भागले की ‘एकरूपता गुणांक’ मिळतो. समजा, एका ढिगाची ही मापे 0.5 व 0.75 मिलिमीटर आहेत, गुणांक 1.5 आला. दुसऱ्याची 0.3 व 0.9 आहेत, गुणांक 3 झाला. डोळ्यांना दोन्ही ढीग सारखेच दिसतील. पण दुसरी वाळू धुतल्यावर तिचे बारीक कण वर व जाड कण खाली बसतात. मळ वरच्या पातळ थरातच अडकतो, दाब चढतो आणि खालची वाळू जवळजवळ निरुपयोगी राहते. म्हणून जलद गाळणीसाठी प्रभावी आकार 0.45 ते 0.70 मिलिमीटर आणि गुणांक 1.3 ते 1.7 असावा, असा भारतीय प्रघात आहे.

अशी वाळू उत्तर प्रदेशातच मिळू शकते. प्रयागराजजवळील शंकरगढची सिलिका वाळू काचधंद्यात प्रसिद्ध आहे. मात्र काचेसाठी दळलेली वाळू गाळणीस चालत नाही. धुऊन, चाळून, मापाप्रमाणे वेगळी केलेलीच मागवावी. गोणीवरील ‘सिलिका’ या शब्दावर भिस्त ठेवू नये. पारदर्शक बाटलीत मूठभर वाळू पाण्यासह हलवून पाहावी. पाणी बराच वेळ गढूळ राहिले तर माती आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फेस आला तर चुना आहे. अशी वाळू झिजून बारीक होत जाते.

चाळणीच्या हिशेबाचा हा खटाटोप कित्येकांस अवाजवी वाटतो. जंतू मारण्याचे काम क्लोरीनचे आहे, वाळूचे नव्हे, हे खरेच. पण गढूळ पाण्यात कणांच्या आडोशाने जंतू क्लोरीनपासून बचावतात. याहून निकडीची गोष्ट अशी की, तलावाचा तळ काठावरून स्वच्छ दिसला पाहिजे. बुडालेला पोहणारा तळाशी निपचित पडलेला असतो. तो हाक मारीत नाही. जीवरक्षकाची नजर तेथवर पोहोचली नाही, तर काही मिनिटांतच त्यास वाचविण्याची वेळ टळून जाते.

नवी वाळू भरल्यावर पहिले पाणी तलावात सोडू नये. निचऱ्याचे पाणी निवळेपर्यंत गाळणी उलट प्रवाहाने धुवावी.