‘नुसतं बोलतो’ म्हणजे काय? व्हर्बल अब्यूज समजून घेऊ



बेलापूरच्या वस्त्यांत घरोघरी जाताना आम्ही बायकांना विचारतो, “घरी काही त्रास?” उत्तर येते, “नाही ताई, मारत नाही. नुसतं बोलतो.” या ‘नुसत्या बोलण्या’ला इंग्रजीत नाव आहे, व्हर्बल अब्यूज. मराठीत शाब्दिक छळ.

रागात एखादा वाईट शब्द निघणे वेगळे. माणसाला दाबायला, घाबरवायला पुन्हा पुन्हा वापरलेले शब्द म्हणजे छळ. त्यात शिवी असायलाच हवी असे नाही, आवाजही चढायला लागत नाही. “पोरीच झाल्या तुला”, “हाकलून देईन”, पोराला रोज “बिनकामाचा” म्हणणे, हे सगळे त्यातच येते.

शरीरावर काय होते? सततच्या ताणाने छातीत धडधडते, झोप उडते, डोके-पोट दुखते, बीपी वाढते. मुले गप्प होतात, काही अंथरूण ओले करतात. रिपोर्ट नॉर्मल, गोळ्या चालू, तरी दुखणे थांबत नसेल तर घरातले बोलणेही डॉक्टरांना सांगावे.

कायदा काय म्हणतो? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक व भावनिक छळ ही हिंसाच आहे. मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. चारचौघांत कोणी जातीवरून शिवी दिली तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. दोन्ही वेळी तारीख, नेमके शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

शिवीचे काय? भांडण दोन पुरुषांचे आणि शिवी आई-बहिणीची. आपल्याच जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा शिवीला ५०० रुपये दंडाचा ठराव केला. वस्तीच्या बैठकीत आपणही असे ठरवू शकतो. सम्यक वाचेत खोटे न बोलण्याइतकेच कठोर न बोलणेही येते.

घरात काय करायचे? चूक सांगा, माणसाला नाव ठेवू नका. “तू मूर्ख आहेस” ऐवजी “हे गणित चुकलं, परत कर” म्हणा. राग चढला तर बाहेर एक चक्कर मारून या. दारू प्यालेल्याशी त्याच वेळी वाद घालू नका. मारण्याची धमकी आली तर आधी मुलांना घेऊन शेजारी जा.

मदतीसाठी फोन: महिला १८१, मुले १०९८, मनाचा ताण १४४१६, जातीय अत्याचार १४५६६, तातडीची मदत ११२. हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.